मुलांना सोबत घेऊन गोधड्या शिवताना

पुण्यातील एका आईने विचारले आहे की, त्यांच्या वसाहतीतील महिला मंडळाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून द्यायचे ठरवले असून त्यांची आठ वर्षांची मुलगी ‘मीही शिवणार’ म्हणून मागे लागली आहे. तिला नेमके कोणते काम द्यावे, तिने वाकडेतिकडे टाके घातले तर ते ठेवावेत की उसवावेत, आणि वाटपाच्या दिवशी तिला सोबत न्यावे की नाही, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. शाळेच्या उपक्रमवहीसाठी छायाचित्रे लागणार आहेत, हेही त्यांनी जाता जाता लिहिले आहे. अशा शिवणगटांसोबत मी बरीच वर्षे काम करते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मुलीला अवश्य न्या. मात्र तिला रमवण्यासाठी मुद्दाम काढलेले काम देऊ नका. गोधडीला ज्याची खरोखर गरज आहे असे काम द्या आणि ते पुरेसे चांगले झाले की नाही हे ज्या लेकराच्या अंगावर ती गोधडी पडणार आहे त्याच्या सोयीवरून ठरवा. तीनही प्रश्नांची उत्तरे माझ्या मते याच एका गोष्टीतून निघतात. बहुतेक गटांत असे दिसते की मोठ्या बायका गोल करून शिवायला बसतात आणि मुलांना कोपऱ्यात रंग, टिकल्या आणि कागद देऊन ‘तुम्ही छान छान शुभेच्छापत्रे करा’ असे सांगितले जाते. मुले भोळी नसतात. आपले काम कोणाच्याही उपयोगाचे नाही हे त्यांना पंधरा मिनिटांत उमगते, आणि मग ती जिन्यावर पळापळ सुरू करतात. त्यानंतर ‘मुलांना घेऊन काही होत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, जो मुलांवर अन्याय करणारा आहे.

आता कामाकडे वळू. प्रथम मापाचा हिशेब करा, कारण गोधडी किती मोठी करायची यावर मुलांचा सहभाग बराच अवलंबून असतो. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पंचेचाळीस इंच रुंद असते. तिचे लांबीत चार सारखे तुकडे केले तर एकेक तुकडा सुमारे साडेचार फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद होतो. तुकडे एकमेकांना जोडावे न लागता एका साडीतून चार थर मिळतात आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला पुरेल अशी गोधडी होते. नऊवारी मिळाली तर सहा थर निघतात. मोठ्या माणसाच्या मापाची गोधडी करायची म्हटले की तुकडे जोडणे, शिवणी सरळ जुळवणे, वजन सांभाळणे अशी कामे वाढतात आणि त्यात मुलांना शिरकाव उरत नाही. म्हणून मुले सोबत असतील तर लहान गोधड्याच करा. त्या लहान मुलांसाठीच आहेत, त्यामुळे यात कोणतीही तडजोड नाही. फक्त पातळ साडीचे चार थर थंडीला कमी पडतात. आत जुन्या सुती चादरीचे किंवा धोतराचे दोन थर घालावेत. डिसेंबर-जानेवारीत ऊसपट्ट्यातील रात्र चांगलीच गार असते आणि कामगार ज्या कोपीत राहतात तिच्या भिंती चटयांच्या, पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या असतात.

त्यानंतर कापडाची निवड येते. हे काम मुलांना सर्वांत चांगले जमते आणि मोठ्यांना त्याचाच सर्वांत जास्त कंटाळा असतो. वसाहतीतून आवाहन केले की साड्यांचे ढीग येतात, आणि त्यांत निम्म्याहून अधिक साड्या कृत्रिम धाग्यांच्या असतात. त्या दिसायला नव्या आणि चकचकीत असल्या तरी गोधडीच्या कामाच्या नाहीत. त्या घाम शोषत नाहीत, सुई सहज जाऊ देत नाहीत, निसरड्या असल्यामुळे थर एकमेकांवर ठरत नाहीत, आणि चुलीजवळ झोपणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तर धोक्याच्या असतात, कारण ठिणगी पडली की असे कापड वितळून कातडीला चिकटते. सुती कापड ओळखण्याची एक सोपी रीत मुलांच्या हाती देता येते. वाटीत पाणी घ्यावे, बोट बुडवून एक थेंब साडीवर सोडावा आणि पाहत राहावे. अनेकदा धुतलेली सुती साडी तो थेंब लगेच पिऊन टाकते आणि ओला डाग चारी बाजूंनी पसरतो. कृत्रिम धाग्याच्या साडीवर थेंब मण्यासारखा उभा राहतो आणि साडी तिरकी केली की घरंगळतो. एकदा सात वर्षांच्या एका मुलाने अशा साड्यांचे तीन ढीग केले होते. ‘पिणारी’ आणि ‘न पिणारी’ एवढे दोनच ढीग आम्ही सांगितले होते. तिसऱ्या ढिगात थेंब हळूहळू जिरणाऱ्या साड्या होत्या, म्हणजे मिश्र धाग्याच्या, आणि त्या वेगळ्या काढायच्या हे आम्ही त्याला शिकवलेच नव्हते. मोठ्यांनी शंका आलेल्या साडीचा एक धागा काढून जाळून पाहावा: सुताचा धागा जळक्या कागदासारखा वास देऊन राख होतो, कृत्रिम धाग्याची कडक गोळी होते. मुलांना काडी पेटवू देऊ नये. तो प्रयोग त्यांनी फक्त पाहावा.

मिश्र धाग्याच्या साड्यांबाबत मी कडक आहे. सुती थर आणि टेरिकॉटचा, म्हणजे अशा मिश्र धाग्याचा, थर एकत्र शिवला तर धुतल्यावर सूत आटते, टेरिकॉट आटत नाही, आणि गोधडीला जागोजागी फुगे येतात. त्याच कारणाने सगळे कापड शिवण्यापूर्वी कडकडीत पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवलेच पाहिजे. खळ निघून जाते, जे काही आटायचे ते आधीच आटते, आणि जुन्या कपड्यांतून ढेकूण किंवा खरजेसारखे रोग पुढच्या घरी जाण्याची भीतीही उरत नाही. रंग जातो का हे पाहण्यासाठी पांढरा ओला फडका साडीवर जोराने घासावा. फडका रंगला तर ती साडी बाजूला ठेवावी. हेही मुलांचेच काम.

साडी घेतली की तिला फॉल असतो. तो उसवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण खालच्या काठाशी दुहेरी जाडी राहते आणि टाके तिथे अडतात. फॉल उसवण्याच्या कामात आठ वर्षांची मुलगी मोठ्यांच्या तोडीस तोड ठरते. तिला गोल टोकाची छोटी कात्री द्यावी. दर वीतभर अंतरावर एक टाका कापायचा आणि मग दोरा ओढायचा. दोरा सरकन निघतो तेव्हा मुलांना जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो. जरीचे काठ मात्र मोठ्यांनी कापून काढावेत, कारण जर टोचते. काठाची पट्टी फेकू नये, पण ती गोधडीत घालूही नये. नंतर साडी खिडकीसमोर दोन्ही हातांनी ताणून धरायला मुलीला सांगावे. जिथे कापड विरलेले असेल तिथून उजेड दिसतो. विरलेला भाग बहुधा निऱ्यांच्या खालच्या काठाकडे किंवा बसण्याच्या जागी असतो, आणि पदराची बाजू त्या मानाने शाबूत असते. शाबूत तुकडे वरच्या आणि खालच्या थराला, विरलेले पण न फाटलेले तुकडे आत, अशी वाटणी ती स्वतः करू शकते. खडूने खूण करून ‘आत’ आणि ‘बाहेर’ असे लिहायला सांगितले तर गोंधळ होत नाही.

इथपर्यंत सुईला हात लागलेला नाही आणि तरीही जवळजवळ अर्धे काम झालेले आहे, हे लक्षात घ्यावे. ज्या मुलांना शिवायचे नाही त्यांना इथेच थांबू द्यावे. मुलग्यांना हे सारे ‘बायकी’ वाटेल अशी पालकांना काळजी असते, पण गावोगावी शिंप्याच्या दुकानात यंत्रावर कोण बसलेले असते याची आठवण करून दिली की तो प्रश्न मिटतो.

आता शिवणकाम. गोधडी शिवायला बसण्यापूर्वी सगळे थर सुरकुती न ठेवता एकमेकांवर पसरून, कडा आत दुमडून, मोठ्या कच्च्या टाक्यांनी बांधून घ्यावे लागतात. हे काम मोठ्यांचे आहे आणि ते घाईने करू नये, कारण थर इथे सरकले तर पुढे काही केल्या सुधारत नाहीत. टाचण्या अजिबात वापरू नयेत. त्यानंतर कडेने सुरुवात करून आत आत सरकत धावदोऱ्याच्या ओळी घालत जायचे आणि मध्यावर संपवायचे, ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत आहे. तिचा फायदा असा की चारी बाजूंना चौघे बसू शकतात आणि काही सुरकुती असलीच तर ती मध्याकडे ढकलली जाते. कोपरा वळवणे कठीण असते. मुलांना सरळ बाजू द्यावी, कोपरा आला की शेजारच्या मावशींनी किंवा आजींनी तो वळवून पुढची ओळ पुन्हा मुलीच्या हाती द्यावी.

कामाचा आवाका आधी सांगितलेला बरा. साडेचार फूट लांबीच्या या लहान गोधडीत बोटभर नव्हे, तर चांगले इंचभर अंतर ठेवून ओळी घातल्या तरी टाक्यांची एकूण लांबी साठ मीटरच्या आसपास भरते. चौघींनी मिळूनही ती एका बैठकीत होत नाही. मुलीला ‘आज गोधडी पूर्ण करू’ असे सांगून बसवले तर ती हिरमुसते. ‘आज तुझी ही एक ओळ’ असे सांगितले तर ओळ संपल्यावर ती आपणहून दुसरी मागते. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ या वयात सुईवर बसवू नये, मग ती कितीही उत्साहात असो. थकलेल्या हाताची सुई बोटात जाते.

थेट गोधडीवर हात बसवण्यापूर्वी तिला घरी एक बस्कर शिवू द्यावे. मऊ जुन्या कापडाचे तीन-चार थर, हातभर चौकोन, वर खडूने आखलेल्या सरळ रेषा. सुई फार बारीक नको आणि दाभणही नको. नेढे मोठे असलेली मध्यम जाडीची सुई घ्यावी म्हणजे दोरा तिचा तिला ओवता येतो, आणि ही गोष्ट दिसते त्यापेक्षा महत्त्वाची आहे, कारण दर वेळी दोरा ओवून घ्यायला आईकडे यावे लागले तर ते काम तिचे राहत नाही. दोरा हातभर लांबीचाच द्यावा. लांब दोऱ्याने वेळ वाचेल असे वाटते, पण त्याचा गुंता होतो आणि प्रत्येक टाक्याला मुलीचा हात खांद्यापर्यंत वर जातो. मोठ्यांप्रमाणे सुईवर तीन-चार टाके एकदम घेण्याचा आग्रह धरू नये. सहा थरांतून सुई खाली घालायची, पूर्ण ओढायची, खालून वर काढायची, असा एकेक टाका ती घेईल आणि तो पुरेसा आहे. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, हवे. बाजारात मिळणारे मुलांच्या बोटाला सैल होते. चामड्याच्या जुन्या पाकिटाचा तुकडा गुंडाळून शिवला तर नीट बसते.

आता दुसरा प्रश्न. तो सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्यावर गटागटांत वाद होतात. एक पक्ष म्हणतो की मुलीने घातलेला प्रत्येक टाका ठेवावा, त्यात तिची माया आहे. दुसरा पक्ष म्हणतो की देण्याची वस्तू निर्दोष असली पाहिजे, तेव्हा सगळे उसवून पुन्हा शिवावे. दोघेही गोधडी पांघरणाऱ्याला विसरतात. वाकडा टाका चालतो. लांब टाका चालत नाही. ओळ नागमोडी गेली म्हणून गोधडीची ऊब कमी होत नाही आणि ती लवकर फाटतही नाही. पण टाका अर्ध्या इंचाहून लांब पडला, किंवा दोरा सैल राहून वर फास तयार झाला, तर झोपेत पाय झाडणाऱ्या लहान मुलाचा अंगठा त्यात अडकतो, दोरा तुटतो आणि तिथून पुढची सगळी ओळ उसवत जाते. तान्ह्या बाळाच्या बोटाला तर दोरा करकचून बसू शकतो.

हे मला कळले ते एका साखर कारखान्याजवळच्या तळावर. आम्ही नेलेली गोधडी तिथल्या एका बाईंनी हातात घेतली, वरची सुबक ठिगळे पाहिलीही नाहीत, गोधडी उलटी केली आणि मागच्या बाजूच्या टाक्यांखालून अंगठ्याचे नख फिरवत नेले. एका ठिकाणी नख अडले. “ताई, टाका लांब पडलाय. लेकराचं बोट अडकतंय यात,” एवढेच त्या म्हणाल्या आणि कंबरेच्या पिशवीतून सुई काढून तिथल्या तिथे दोन आडवे टाके घालून मोकळ्या झाल्या. ज्यांच्यासाठी आपण शिवतो त्या बायका बहुधा आपल्यापेक्षा चांगली गोधडी शिवतात. गावाकडे असताना त्यांच्या घरात गोधड्या शिवल्याच जातात. गळीत हंगाम सुरू झाला की पहाटेपासून फडात आणि मग गाडी भरण्यात दिवस जातो, त्यामुळे सुई धरायला उसंत मिळत नाही. आपण देतो आहोत तो त्यांचा वाचलेला वेळ आहे, कौशल्य नव्हे. ही जाणीव ठेवली की गोधडीचा दर्जा आपोआप योग्य पातळीवर येतो. तेव्हापासून आमच्या गटात तयार झालेल्या प्रत्येक गोधडीच्या दोन्ही बाजूंनी नख फिरवून पाहण्याची पद्धत आहे, आणि ही तपासणी मुलांकडेच असते. त्यांची बोटे लहान असल्याने मोठ्यांच्या नखाला न लागलेला फास त्यांना बरोबर लागतो.

लांब टाका सापडला तर उसवायचा, मग तो कोणीही घातलेला असो. मात्र तो मुलगी झोपल्यावर गुपचूप उसवू नये. हे अनेक आया प्रेमापोटी करतात: दिवसा ‘किती सुंदर’ म्हणतात आणि रात्री तिची ओळ काढून स्वतः घालतात. मुलांना हे कळते. आपल्या ओळीतला वाकडेपणा त्यांना पाठ असतो आणि दुसऱ्या दिवशी ओळ सरळ दिसली की आपले काम खोटे होते एवढाच धडा ती घेतात. त्याऐवजी तिच्यासमोर, तिच्याच नखाने तो टाका शोधू द्यावा, कारण सांगावे आणि तिच्याच हाताने उसवून पुन्हा घालू द्यावा. आजींचाही एखादा टाका याच तपासणीत निघाला तर फारच उत्तम, कारण नियम सर्वांना सारखा आहे हे त्यातून दिसते. आठ वर्षांचे मूल खऱ्या कारणाने केलेल्या सुधारणेवर रुसत नाही; ‘नीट कर’ एवढेच म्हटले तर मात्र रुसते. वाकड्या ओळी कटाक्षाने तशाच ठेवाव्यात.

सुयांबाबत दोन गोष्टी सांगते, ज्यांत सूट नाही. बैठक सुरू होताना सुया मोजून द्यायच्या आणि संपताना मोजून घ्यायच्या. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत कोणी उठायचे नाही, आणि तुटली तर दोन्ही तुकडे दाखवायचे. मोजणीची वही एका मुलाकडे द्यावी, शेजारी एका मोठ्या व्यक्तीने सही करावी. शेवटी गोधडी बांधण्यापूर्वी तिच्यावरून जोरकस लोहचुंबक फिरवायचे. जुन्या ध्वनिवर्धकातून काढलेले चुंबक या कामाला उत्तम. गोधडीत राहून गेलेली सुई हा या साऱ्या उपक्रमातला एकमेव असा दोष आहे की ज्याची भरपाई कशानेही होत नाही. शिवणयंत्र वापरत असाल तर ते वेगळ्या खोलीत ठेवावे.

ही गोधडी कोणासाठी आहे हे मुलीला कसे सांगावे, हे त्या आईंनी विचारलेले नाही, पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. ‘गरीब बिचारी मुले’ हे शब्द टाळावेत. त्यातून मुलीला काही माहिती मिळत नाही, फक्त आपण वर आणि ती मुले खाली एवढे कळते. त्याऐवजी वस्तुस्थिती सांगावी आणि ती आठ वर्षांच्या मुलीला पूर्ण कळते. आपल्या चहातली साखर उसापासून होते. ऊस तोडायला दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिथेच राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली असते आणि तोडलेल्या उसाच्या वजनावर ती फिटत जाते. आईवडील दोघेही फडात असल्यामुळे मुलांना सोबत न्यावे लागते आणि शाळा मध्येच सुटते. काही कारखान्यांजवळ साखरशाळा चालवल्या गेल्या, गावाकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोयही झाली, पण सगळ्यांना त्यांचा लाभ मिळत नाही. एवढे सांगितले की मुलीचे प्रश्न सुरू होतात: ती मुले पहाटे कोणासोबत असतात, त्यांची पुस्तके कुठे राहतात, परीक्षा कशी देतात. उत्तरे माहीत असतील ती द्यावीत. अनेक उत्तरे आपल्याला अवघडल्यासारखी करतील; त्याला इलाज नाही.

याच माहितीतून मंडळाने आणखी एक बोध घ्यावा. कोणाला किती गोधड्या हव्या आहेत हे शिवण्याआधी विचारावे. हंगामी वसतिगृहाच्या अधीक्षकांना, साखरशाळेच्या शिक्षकांना किंवा त्या तळांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या संस्थेला विचारले तर नेमका आकडा, वयोगट आणि कधीकधी वेगळीच गरजही कळते. 2019च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे जुन्या कपड्यांचा एवढा ओघ सुरू झाला होता की जुने कपडे पाठवू नका असे सांगण्याची वेळ आली. दिल्लीच्या ‘गूंज’ संस्थेचे अंशु गुप्ता, ज्यांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते शहरातून येणाऱ्या कपड्यांकडे दान म्हणून पाहण्याच्या वृत्तीवर सातत्याने बोट ठेवत आले आहेत. आपल्या घरातली अडगळ काढणे आणि दुसऱ्याची गरज भागवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलांना हा फरक साड्यांच्या ढिगाशी बसून फार चांगला शिकवता येतो: ‘ही साडी आपण आपल्या घरी पांघरायला ठेवू का?’ असे विचारून. उत्तर नाही आले तर ती गोधडीतही जाणार नाही.

आता वाटप. माझे स्पष्ट मत असे की पहिल्या वर्षी मुलीला वाटपाला नेऊ नये, आणि खरे तर रांग लावून, हातात हात देऊन वाटप करूच नये. एकाच वयाच्या दोन मुलींपैकी एक देणारी आणि दुसरी घेणारी म्हणून समोरासमोर उभी राहते तेव्हा घेणाऱ्या मुलीला काय वाटते याचा विचार देणाऱ्यांच्या बाजूने सहसा होत नाही. गठ्ठे शिक्षकांकडे किंवा अधीक्षकांकडे सोपवावेत. कोणत्या मुलाकडे पांघरूण नाही हे त्यांना माहीत असते आणि ते वेळ पाहून घरोघरी पोहोचवतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ओळख झाली आणि तिकडून बोलावणे आले तर मुलीला जरूर न्यावे, पण तेव्हाही तिच्याकडे काही काम असावे: गठ्ठे उचलणे, यादीशी मोजणी ताडून पाहणे. त्यानंतर मुलांना एकत्र खेळायला तासभर मोकळा ठेवावा. नुसते उभे राहून बघणाऱ्या मुलीला तिथे नेण्यात अर्थ नाही.

छायाचित्रांबद्दल: उपक्रमवहीत लावायला फॉल उसवणारे हात, थेंबाची वाटी, सुयांची वही आणि पूर्ण झालेली गोधडी एवढी छायाचित्रे पुरेशी आहेत. गोधडी घेणाऱ्या मुलांची छायाचित्रे काढू नयेत. शाळेने तशीच मागितली तर पालकांनी नम्रपणे नकार द्यावा. गोधडीवर मंडळाचे नाव, वसाहतीचे नाव किंवा कोणा दात्याचे नाव शिवू नये. मुलीला काही खूण ठेवायचीच असेल तर तिने एक ठिगळ स्वतः निवडून, हवे तसे कापून वरच्या थरावर लावावे. आमच्याकडे एका मुलाने प्रत्येक गोधडीला एक मासा लावायचा ठरवले होते. ते मासे कोणाला मासे वाटले असतील असे म्हणवत नाही, पण ठिगळे मात्र घट्ट होती.

वेळापत्रक पावसाचा अंदाज घेऊनच आखावे. आवाहन श्रावणात करायला हरकत नाही, पण धुतलेले कापड भाद्रपदाच्या दमट हवेत पुरते वाळत नाही, आणि किंचित ओलसर थर शिवून बांधले की आत बुरशी धरते व तो वास नंतर जात नाही. म्हणून निवड, फॉल उसवणे आणि रंगाची परीक्षा ही कोरडी कामे गणपतीच्या दिवसांत उरकून घ्यावीत. धुणे-वाळवणे पाऊस ओसरल्यावर करावे, आणि शिवणकामाच्या बैठका नवरात्रापासून सुरू करून दिवाळीच्या सुट्टीत आटोपाव्यात. मुलांना मोकळा वेळही तेव्हाच असतो. कारखान्यांचे गाळपही त्याच सुमारास सुरू होते, टोळ्या तळावर पोहोचू लागतात आणि थंडी नुकती पडू लागते. तयार झालेली पहिली गोधडी मात्र देऊ नये. ती मुलीच्या अंथरुणावर आठवडाभर वापरावी, एकदा दगडावर आपटून धुवावी आणि कुठला टाका सुटला, कुठे फुगा आला हे तिलाच पाहायला लावावे. बाकीच्या गोधड्यांत काय सुधारायचे ते त्यातून कळते. गठ्ठे बांधताना एका गठ्ठ्यात पाचपेक्षा जास्त गोधड्या ठेवू नयेत, कारण वसतिगृहाच्या मावशींना तो एकटीने उचलावा लागतो. प्रत्येक गठ्ठ्यावर आत किती नग आहेत आणि ते कोणत्या वयासाठी आहेत याची ठळक अक्षरांतली चिठ्ठी लावावी. ती चिठ्ठी लिहिण्याचे काम आठ वर्षांच्या मुलीकडे द्यायला काहीच हरकत नाही, फक्त तिने लिहिलेला आकडा आणि गठ्ठ्यातील नग जुळतात का हे तिच्यासोबत बसून एकदा मोजून घ्यावे.